आधी मोजा, मग बदला : गाडीचं सस्पेन्शन आणि माझा फसलेला प्रयोग

परवा एका ज्युनियरचा मेसेज आला. "ताई, प्रपोजलमध्ये गाइड सारखं 'बेसलाइन कुठाय, बेसलाइन कुठाय' विचारतात. म्हणजे नक्की काय लिहू?" मी तिला दोन ओळींत उत्तर दिलं, पण मलाच ते पटलं नाही. कारण बेसलाइन म्हणजे काय हे मी पुस्तकातून शिकलेच नाही. मी ते आमच्या दादाच्या गाडीचं वाटोळं करून शिकले. ती गोष्ट आज सगळी सांगते. त्यात गाडीचं हँडलिंग सुधारण्यामागचं शास्त्रही येईल आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांना लागणारं थोडं शहाणपणही.

प्रश्न कुठून आला

आम्ही मोरव्याचे. भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनच्या दिशेने निघालात की मुर्धा, राई आणि मग आमचं गाव. रस्ता अरुंद, वस्ती रस्त्याला लागून, त्यामुळे गतिरोधक भरपूर. माझा चुलत भाऊ रोज गाडीने कामाला जातो. भाईंदरचा उड्डाणपूल, गोल्डन नेस्ट, काशिमिरा आणि पुढे घोडबंदर रोडने ठाण्याकडे. वाटेत गायमुखची वळणं. गाडी आठ वर्षांची छोटी हॅचबॅक.

दादाची तक्रार एकच होती, "वळणावर गाडी डोलते. विश्वास वाटत नाही." मी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला, विषय व्हेइकल डायनॅमिक्स. उत्साह ओसंडून वाहत होता. लॅपटॉपवर मॉडेल केलं आणि निकाल दिला : मूळ स्प्रिंग काढून कडक आणि बुटक्या स्प्रिंगा टाक. गाडी तीस मिलिमीटर खाली बसेल, डोलणं कमी होईल. दादाने विश्वास ठेवला, पैसे घातले.

पहिल्या आठवड्यात तो खूश होता. मग एका पावसाळी संध्याकाळी, वळणावर असतानाच, रस्त्याच्या खडबडीत पॅचवर चाकं आपटली आणि गाडी बाजूला सरकली. शेजारच्या लेनमध्ये सुदैवाने कोणी नव्हतं. घरी येऊन तो शांतपणे म्हणाला, "अगं, आधी डोलत होती, आता उडते." मागच्या सीटवर काकू होत्या. त्यांनी पुढचे चार दिवस पाठीला शेक घेतला. माझ्याशी कोणी भांडलं नाही, त्यामुळे जास्तच लागलं.

आता प्रश्न असा : माझं गणित चुकलं होतं का? नाही. गणित बरोबर होतं. चुकलं होतं ते गणिताच्या आधीचं.

स्प्रिंग : कडक म्हणजे चांगली?

सगळ्यात साधं मॉडेल घेऊ. याला क्वार्टर कार मॉडेल म्हणतात : गाडीचा एकच कोपरा, त्यावर बसलेलं वजन, खाली स्प्रिंग आणि शॉकअप. उदाहरणासाठी पुढच्या एका कोपऱ्यावर २८० किलो वजन आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा २० न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे २०,००० न्यूटन प्रति मीटर धरा.

कडकपणाला वस्तुमानाने भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ ने भागा. मिळते ती नैसर्गिक वारंवारता. २०,००० भागिले २८० म्हणजे ७१.४, वर्गमूळ ८.४५, उत्तर साधारण १.३४ हर्ट्झ. म्हणजे गाडी दाबून सोडली तर सेकंदाला सव्वा वेळाहून थोडी जास्त वर-खाली होईल.

आता स्प्रिंग ४० टक्के कडक करा : २८,००० भागिले २८० म्हणजे १००, वर्गमूळ १०, उत्तर १.५९ हर्ट्झ. कडकपणा ४० टक्के वाढला, वारंवारता मात्र १८ टक्केच वाढली, कारण मध्ये वर्गमूळ आहे. इथवर माझा अहवाल अगदी सुबक होता.

पण गाडी तीस मिलिमीटर खालीही बसली होती. मूळ अवस्थेत चाकाला वर जायला, म्हणजे रबरी बंप स्टॉपला टेकेपर्यंत, ७० मिलिमीटर जागा होती असं धरू. आता ४० उरली. स्प्रिंग त्या अंतरात किती ऊर्जा रिचवते? अर्धा गुणिले कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग. आधी : अर्धा × २०,००० × ०.०७ चा वर्ग म्हणजे ४९ ज्यूल. नंतर : अर्धा × २८,००० × ०.०४ चा वर्ग म्हणजे साधारण २२ ज्यूल.

पुन्हा वाचा. स्प्रिंग कडक झाली, पण धक्का पोटात घ्यायची ताकद निम्म्याहून कमी झाली! कारण अंतराचा वर्ग होतो, कडकपणाचा नाही. ही घट भरून काढायची तर स्प्रिंग तिप्पट कडक हवी, आणि मग गाडी बैलगाडी होते. जागा संपली की गाडी बंप स्टॉपवर आदळते आणि त्या क्षणी कडकपणा एकदम कित्येक पट वाढतो. काकूंच्या पाठीला लागलं ते हे.

गतिरोधकाचं गणित

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेच्या १९८८ च्या आवृत्तीत, वाहनं सुमारे २५ किमी वेगाने जावीत यासाठी गोलाकार गतिरोधकाचं माप दिलेलं आहे : वक्रतेची त्रिज्या १७ मीटर, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. ही तीन मापं एकमेकांशी जुळतात का ते तपासून बघा. रुंदीचा वर्ग भागिले आठ त्रिज्या : १३.६९ भागिले १३६, म्हणजे ०.१० मीटर. जुळलं. कुठलाही आकडा वाचला की असा पडताळा घ्यायची सवय लावून घ्या, संशोधनात फार कामाला येते.

आता २५ किमी म्हणजे सेकंदाला ६.९४ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की माथ्यावरचं उभं त्वरण मिळतं : २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या तीन दशांशाहून थोडं कमी. सहन होतं. ४० किमीला तेच ७.३ होतं, म्हणजे पाऊण भाग. त्यामुळे ड्रायव्हर आपोआप ब्रेक लावतो. हेच तर हवं असतं.

पण गल्लोगल्लीचे गतिरोधक या मापाचे असतातच असं नाही. अर्ध्या मीटरचा, उभा चढ असलेला उंचवटा कुठल्याही वेगाने जा, आदळतोच. माझ्या मॉडेलमध्ये रस्ता गुळगुळीत होता. मोरव्याचा रस्ता मी मॉडेलमध्ये घातलाच नव्हता! ज्या रस्त्यावर मी जन्मभर ये-जा केली तोच.

शॉकअप : खरा आजारी

गॅरेजमध्ये ज्याला शॉकअप म्हणतात तो धक्का शोषत नाही. धक्का स्प्रिंग घेते. शॉकअपचं काम म्हणजे स्प्रिंगने घेतलेली ऊर्जा तेलातून उष्णतेत बदलून हेलकावे थांबवणं. इंग्रजीतलं डॅम्पर हे नाव जास्त खरं आहे.

किती डॅम्पिंग आहे हे सांगायला डॅम्पिंग रेशो वापरतात. शून्य म्हणजे गाडी कायम झुलत राहील, एक म्हणजे एकदाही न झुलता परत जागेवर येईल. प्रवासी गाड्यांत तो साधारण ०.२ ते ०.४ च्या आसपास ठेवतात, कारण त्याहून वाढवला की रस्त्याची प्रत्येक कचकच आत येते.

हा रेशो कसा काढायचा? शॉकअपचा डॅम्पिंग गुणांक भागिले (दुप्पट × कडकपणा आणि वस्तुमानाच्या गुणाकाराचं वर्गमूळ). आपल्या उदाहरणात छेदस्थानी ४,७३३ येतात. शॉकअपचा गुणांक १,४२० असेल तर रेशो ०.३०. छान. आता फक्त स्प्रिंग बदला : छेद ५,६०० होतो, रेशो ०.२५. म्हणजे कडक स्प्रिंग टाकली की तोच शॉकअप तुलनेने अशक्त ठरतो.

आणि शॉकअप आठ वर्षं वापरलेला, सीलमधून तेल झिरपलेला, अर्धी ताकद गेलेला असेल तर? जुन्या स्प्रिंगसोबत रेशो ०.१५, नव्या कडक स्प्रिंगसोबत सुमारे ०.१३. दादाची गाडी डोलत होती याचं मुख्य कारण हेच होतं. आजार शॉकअपचा, औषध दिलं स्प्रिंगला, आणि त्या औषधाने आजार वाढला.

वळणावर सरकण्याचं कारणही इथेच आहे. टायरची बाजूची पकड त्याच्यावरच्या उभ्या भारावर अवलंबून असते, पण सरळ प्रमाणात नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमी वाढते. म्हणून भार सतत वर-खाली होत राहिला, तर सरासरी भार तेवढाच असूनही सरासरी पकड घटते. चाक क्षणभर हलकं झालं, रस्ता ओला, गाडी वळणात : झालं. हँडलिंग म्हणजे शेवटी एवढंच, चाक रस्त्याला किती इमानाने चिकटून राहतं. गाडी आतून कडक वाटते की नाही हा वेगळा प्रश्न आहे.

मग गाडी खाली बसवून काहीच मिळत नाही का?

मिळतं, पण किती ते मोजून बोला. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा एकूण भार गाडीचं वस्तुमान, बाजूचं त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतो. स्थिर वळणावर स्प्रिंगचा त्यात जवळजवळ संबंध नाही, हे ऐकून बऱ्याच जणांना धक्का बसतो. १,००० किलोची गाडी, अर्धा जी त्वरण, ५३ सेंटिमीटर उंची, १.४५ मीटर अंतर घेतलं तर साधारण १,७९० न्यूटन येतात. उंची तीन सेंटिमीटरने कमी केली तर १,६९०. फायदा सहा टक्क्यांच्या आत.

आणखी एक मेख आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. त्यात गाडी खाली बसवली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. त्यामुळे कलवणारा तरफेचा हात उलट लांब होऊ शकतो. स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर गाडी बुटकी होऊनही जास्त कलते.

अँटी-रोल बारचंही तसंच. तो एकूण भार बदलत नाही, फक्त पुढे किती आणि मागे किती याची वाटणी बदलतो. पुढचा बार जाड केला तर गाडी कमी कलते, पण पुढच्या टायरची पकड आधी संपते आणि गाडी स्टिअरिंगपेक्षा कमी वळते. मागचा जाड केला तर उलट, आणि ओल्या रस्त्यावर सामान्य ड्रायव्हरला ते जास्त धोक्याचं. म्हणून "बार टाकला की हँडलिंग सुधारतं" हे वाक्य अर्धंच आहे. कुणाचं, कुठल्या रस्त्यावर, किती, हे त्याला जोडावं लागतं.

दुसरा प्रयत्न : या वेळी मोजून

या वेळी आधी काहीही बदललं नाही. फक्त बघितलं.

पहिली गोष्ट टायरची हवा. चारही टायरमध्ये वेगवेगळी निघाली आणि एकातही दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली नव्हती. माझं मॉडेल चार सारख्या टायरवर चालत होतं! दुसरी, लोअर आर्मचे बुश. रबर चिरलेलं. असा बुश ब्रेक लावताना चाकाची दिशा किंचित बदलू देतो आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी "तरंगते". तिसरी, लिंक रॉडचा खडखडाट. चौथी, शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला डाग. पाच मिनिटांचं काम, जे मी पहिल्यांदा केलंच नव्हतं.

मग मोजमाप. फोनमध्ये फिफॉक्स नावाचं ॲप आहे, जर्मनीच्या आखेन विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी बनवलेलं, फुकट मिळतं. फोन बॉनेटवर पक्का चिकटवायचा, कोपरा दाबून सोडायचा, त्वरणाचा आलेख घ्यायचा. रेशो ०.३० असेल तर १०० एकक दाबल्यावर गाडी पलीकडे सुमारे ३७ एकक जाते, ०.१५ असेल तर ६२, ०.१३ असेल तर सुमारे ६६. आलेखातल्या लागोपाठच्या शिखरांवरून हे काढता येतं. या चाचणीला मर्यादा आहेत : एक कोपरा दाबला तरी अख्खी गाडी थोडी झुकते, सांध्यांचं घर्षण मिसळतं, आणि हातोहात फरक पडतो. म्हणून प्रत्येक कोपरा दहा वेळा. आमच्या आलेखात शिखरं इतक्या संथपणे लहान होत होती की शंकेला जागाच नव्हती.

एक गंमतही केली. दादाला सांगितलं, "आज हवा बदललीय, चालवून सांग." प्रत्यक्षात काहीच बदललं नव्हतं. तो उत्तनपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "हां, आता बरी आहे." मी खरं सांगितल्यावर तो हसला, मी मात्र वहीत लिहून ठेवलं. पहिल्या आठवड्यातली त्याची खुशी किती खरी होती आणि किती पैसे घातल्याची, हे आता कळणार नव्हतं. माणसाचं मत हा चांगला डेटा आहे, पण काय बदललं हे त्याला माहीत नसेल तेव्हाच.

शेवटी काय केलं

मूळ स्प्रिंगा परत बसवल्या. शॉकअप चारही नवे, कंपनीच्या मापाचे. बुश आणि लिंक रॉड बदलले, हवा स्टिकरप्रमाणे, मग व्हील अलाइनमेंट. अलाइनमेंट शेवटी, कारण आधी केलं आणि नंतर सुटे भाग बदलले तर ते पुन्हा करावं लागतं. गाडी वळणावर अजूनही थोडी कलते. पण एकदा कलली की तिथेच स्थिर राहते, आणि खड्ड्यावर चाक जागा सोडत नाही. दाबून सोडलं की एक हेलकावा आणि शांत.

इथे एक कबुली. चार-पाच गोष्टी एकत्र बदलल्या, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे मी सांगू शकत नाही. प्रयोग म्हणून हे वाईटच. पण दादा रोज ती गाडी चालवतो, आणि खराब शॉकअप ठेवून एकेक भाग तपासत बसणं मला मंजूर नव्हतं. दुरुस्ती आणि प्रयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीत माणूस आधी, प्रयोगात कारण आधी. दोन्ही एकदम करताय असं वाटलं की थांबा आणि ठरवा.

हँडलिंग वाढवायचंच असेल तर क्रम असा ठेवा : टायर आणि हवा, मग बुश आणि सांधे, मग शॉकअप, मग अलाइनमेंट. इतकं झाल्यावरही कमी वाटलं तरच स्प्रिंग आणि बार, तेही शॉकअपशी जोडी जुळवून. आणि त्याआधी विमा कंपनी व आरटीओकडे चौकशी करा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत मनाने करता येत नाही.

तुमच्या प्रपोजलसाठी

आता त्या ज्युनियरच्या प्रश्नाकडे. १९३०च्या दशकात मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये एक अजब गाडी बनवली. तिच्यावर पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं होती, म्हणजे एकेक गोष्ट बदलून गाडी कशी चालते ते अनुभवता यावं. त्यातून कळलं की मागचं सस्पेन्शन पुढच्यापेक्षा थोड्या जास्त वारंवारतेचं ठेवलं तर उंचवट्यानंतर गाडीचं पुढे-मागे झुलणं लवकर थांबतं. पुढची चाकं उंचवट्यावर आधी चढतात, मागची नंतर, आणि मागचा भाग जरा जलद हलला की पुढच्याला गाठतो. आजही गाड्या बनवताना हा विचार करतात. ऑलीचं मोठेपण उत्तरात आहेच, पण त्याहून जास्त त्या सरकत्या वजनांत आहे. त्याने आधी अशी सोय केली की फरक नेमका कशामुळे पडला ते सांगता येईल.

तर बेसलाइन म्हणजे "आधीची स्थिती" असं एका ओळीत लिहून मोकळं होऊ नका. तीन गोष्टी लिहा. एक, बदल करण्याआधी व्यवस्था निरोगी आहे का, हे कसं तपासलं. दोन, तेच मोजमाप किती वेळा घेतलं आणि काहीही न बदलता ते आपोआप किती हलतं. तीन, मॉडेलमध्ये काय घेतलं नाही, आणि ते तुमच्या गावच्या रस्त्यावर आहे का.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी पहिल्या वर्षी लिहिलं असतं, तर काकूंना शेक घ्यावा लागला नसता. त्या आता परत मागच्या सीटवर बसतात. मी पुढे असले की राईचा गतिरोधक आला की मुद्दाम विचारतात, "काय गं, मोजलंस का?"

घरी गाडी असेल तर या रविवारी कोपरा दाबून बघा, आलेख घ्या आणि कमेंटमध्ये टाका. आकडा कसा काढायचा यात अडलात तर विचारा, पुढच्या पोस्टमध्ये एक आलेख घेऊन पायरी-पायरीने सोडवू.